चारशे सतरा नंबरच्या राण्या

१२ जानेवारी, सोमवार

उशीर झाला, माफी असावी. बावीस दिवस ही वही उघडली नाही. आजारी नव्हतो, हातही दुखत नव्हता. भीती — दुसरं काही नाही. लिहिलं की ते खरं होऊन बसतं, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. म्हटलं, लिहायचंच नाही. पण कागद आला तो आलाच. मी लिहिलं नाही म्हणून टपालवाला तो परत घेऊन गेला नाही!

कोर्टाचा कागद. चोवीस फेब्रुवारीला हजर राहायचं. जावयाने नातीचा ताबा मागितलाय. नऊ वर्षांची आहे पोर, आईजवळ राहते. सहा वर्षांपूर्वी मी जावयाला एक पत्र लिहून दिलं होतं — म्हणजे लिहून त्यानेच आणलं होतं, सही माझी. माझी मुलगी हट्टी आहे, तापट आहे, घर तिने आपणहून सोडलं, जावयाकडून काही त्रास नव्हता, असं त्यात आहे. आता कोर्टात उभं राहून एवढंच सांगायचं की सही माझी. बापानेच लिहून दिलंय म्हटल्यावर पोर आईकडे कोण ठेवील?

मुलगा म्हणाला, एका शब्दाचं काम आहे बाबा, हो म्हणायचं आणि रिक्षात बसायचं. तो जावयाच्याच खोक्यांच्या कारखान्यात गोदाम सांभाळतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. म्हणजे सहा वर्षांपूर्वी म्हटलंच की!

१३ जानेवारी, मंगळवार

दाराची कडी तीनदा पाहिली. तिन्ही वेळा लावलेलीच होती.

१५ जानेवारी, गुरुवार

काम असलं की धडधड कमी होते. आज दोन पुस्तकं शिवून शिकंज्यात दाबायला ठेवली. तिसऱ्याला खळ लावली.

छापखान्यात एकेचाळीस वर्षं बाइंडर होतो. आता वाचनालयाची फाटकी पुस्तकं घरी आणून दुरुस्त करतो. शाळा सहावीपर्यंत. पुढचं शिक्षण शिवता शिवता. सोळा पानांचा फर्मा दुमडताना जे पान समोर येईल ते वाचायचं. त्यामुळे मला पुष्कळ गोष्टींचा मधला भाग ठाऊक आहे. सुरुवात नाही, शेवट नाही!

इंग्लंडच्या राण्यांची पुस्तकं मात्र पहिल्या पानापासून वाचतो. आपल्या भाषेत आलेली जेवढी आहेत तेवढी. त्याला कारण आहे. ही — माझी बायको — गेली त्याला चार वर्षं झाली. तेव्हा हिची कपड्यांची पेटी रिकामी करताना तळाशी रुमालात गुंडाळलेलं वाचनालयाचं कार्ड सापडलं. नाव पाण्याने पुसलेलं. नंबर शाबूत — ४१७. मी ओळखलंच. मुलीचं. लग्नाआधी मुलगी कायम काखेत पुस्तक मारून वाचनालयातून यायची, आणि मी दारातून ओरडायचो, "आल्या राणीसाहेब!" ती मान खाली घालून आत जायची. आईने लेकीची आठवण म्हणून कार्ड जपलं असणार.

मग पुस्तकं शिवताना तो नंबर दिसायला लागला. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी चिठ्ठी चिकटवलेली असते. तारखेचा शिक्का, शेजारी सभासदाचा नंबर. नवं बाइंडिंग केलं की जुनी चिठ्ठी फाडून टाकायची, हा रिवाज. मी ४१७च्या टाकल्या नाहीत. आजवर तेवीस जमल्या, बिस्किटाच्या डब्यात आहेत. सगळ्या एकाच कपाटातल्या पुस्तकांच्या — राण्या, त्यांच्या बहिणी, त्यांच्या दासी, दरबारातल्या बायका. तारखेने लावल्या आणि त्याच क्रमाने वाचायला लागलो. ती पुढे, मी वीस वर्षं मागे. लग्नानंतरच्याही तारखा आहेत. माहेरी आली की नेत असेल.

सहा वर्षांत तिच्याशी बोलणं नाही. आहे ते हे एवढंच.

१९ जानेवारी, सोमवार

आठव्या हेन्रीची पहिली बायको, स्पेनची कॅथरीन. तिसऱ्यांदा वाचतोय. लग्न मोडायला राजाने कोर्ट भरवलं. धर्मगुरू बसलेत, राजा बसलाय, सगळा दरबार बघतोय. ही उठली, सरळ नवऱ्यासमोर जाऊन गुडघ्यावर बसली. परमुलखातल्या भाषेत बोलली. वीस वर्षं तुमची खरी बायको होते, माझा अपराध काय तो सांगा, म्हणाली. आणि उठून चालती झाली! पुकारा करणाऱ्याने तीनदा नाव पुकारलं. हिने मागे वळून पाहिलं नाही.

मला एक कागद आला तर दिवसातून चार वेळा संडासला जावं लागतं.

सूनबाई चहा ठेवून गेली. "आज कुठल्या राणीचा काटा काढला, बाबा?" तिला माझी गंमत वाटते. वाटू दे. पुस्तक मिटणार नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

दाढीला गेलो. न्हावी म्हणाला, आजोबा, या वयात परक्या बायकांच्या भानगडी कसल्या वाचता, देवाचं काही वाचा. मी म्हटलं, देवाचं वाचून झालं, त्यात बायकांना विचारत नाहीत. तो हसला. वस्तरा मानेवर होता आणि मला हेन्रीची दुसरी राणी आठवली — ॲन. तिचं डोकं उडवायला समुद्रापलीकडून खास तलवारवाला मागवला होता. मी असा काही शहारलो की न्हावी म्हणाला, "हलू नका हो, माझ्या नावाने बोंब होईल."

२५ जानेवारी, रविवार

मुलाने वकिलाकडून पत्राची नक्कल आणली. टेबलावर ठेवली, वर मीठदाणी ठेवली, उडू नये म्हणून.

आज लिहायचंच. सहा वर्षांपूर्वीची दुपार. दारात मुलगी. कडेवर तीन वर्षांची पोर, हातात कापडी पिशवी. उजवं मनगट सुजलेलं, बांगडी रुतलेली. तिने काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ही तिचा हात मीठपाण्याने शेकत बसली. दोन रात्री ठेवली. तिसऱ्या दिवशी मी स्वतः तिला परत सासरी नेऊन सोडलं. वाटेत म्हणालो, संसारात थोडंफार चालायचंच. ती खिडकीतून बाहेर बघत होती. पोर माझ्या मांडीवर झोपली होती, माझ्या सदऱ्याचं बटण मुठीत धरून.

आठ दिवसांनी तिने ते घर सोडलं. आमच्याकडे आली नाही. कशाला येईल? गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली, चष्म्याच्या दुकानात कामाला लागली.

मग जावई पत्र घेऊन आला. हसतमुख माणूस. मुलाला गोदामावर त्याच महिन्यात घेतलं होतं. पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, टेबलावर ठेवलं, पेन उघडून माझ्या हातात दिलं. ही पाणी घेऊन आली होती. टेबलाशी जरा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "अहो, तिसरी ओळ तेवढी खोडा. मग करा सही."

मी म्हणालो, "तुला वाचता तरी येतं का? कशाला मधे बोलतेस!"

जावई हसला. ही आत गेली. मी सही केली.

तिसरी ओळ म्हणजे तीच — आपणहून घर सोडलं, कोणताही त्रास नव्हता. नुसतं ऐकून हिने ओळ कशी मोजली, कोण जाणे.

३१ जानेवारी, शनिवार

पाचवी राणी. ही पण कॅथरीन, कोवळी पोर. हिचं आणि दुसऱ्या राणीचं, ॲनचं, एक माणूस सामाईक — नॉरफोकचा ड्यूक. एकीचा मामा, दुसरीचा काका. ॲनवर खटला झाला तेव्हा मुख्य आसनावर हाच मामा! भाचीच्या मरणाची शिक्षा त्याने आपल्या तोंडाने वाचली. तिचा बापही, तिच्याबरोबर गोवलेल्या माणसांना दोषी ठरवणाऱ्यांत बसला होता. पुढे पुतणीवर बालंट आलं तेव्हा या काकाने राजाला पत्र लिहिलं. माझ्या दोन्ही पोरींनी किळसवाणं वर्तन केलं, माझा त्यांच्याशी संबंध नाही, माझ्यावर मर्जी असू द्या.

हे पत्र मी ओळखलं. त्याच्यावर मीठदाणी ठेवली होती!

म्हणजे मी ड्यूक. गुडघेदुखीचा, सहावी पास ड्यूक! हसू आलं, मग हसू थांबलं. ते पत्र म्हणे अजून आहे, दोन पुतण्या-भाच्या जाऊन पाचशे वर्षं होत आली तरी. कागद फार टिकतो. मला सांगायला नको, मी जन्मभर टिकवत आलो.

४ फेब्रुवारी, बुधवार

जेन, नऊ दिवसांची राणी. पोरीला मुकुट नको होता, पुस्तकं हवी होती. बाप आणि सासरा दोघांनी मिळून बसवली. बापाचं नाव आलं की मी भराभर पान उलटतो. प्रत्येक पुस्तकात मी एकच शोधतो — बाप कुठे होता? बहुतेक वेळा जवळच असतो.

९ फेब्रुवारी, सोमवार

नाचक्की! एकेचाळीस अधिक अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. वाचनालयाच्या बाईंनी बोलावणं पाठवलं. गेलो तर समोर ॲनचं पुस्तक, मीच डिसेंबरात शिवलेलं. बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आजोबा, एकशे बाराव्या पानावर हिचं मुंडकं उडालं. आणि पुढच्या पानावर मुकुट घालून मिरवतेय."

फर्मा चुकला. मागचा पुढे, पुढचा मागे. कोर्टाचा कागद आला त्या आठवड्यातलं काम, डोकं ठिकाणावर कुठे होतं? एका वाचकाने तक्रारवहीत लिहिलंय — "आनंद झाला, पण पटलं नाही." बाई पोट धरून हसल्या. मला घाम फुटला. म्हटलं, काम जाणार. बाई म्हणाल्या, अहो उसवा आणि पुन्हा शिवा, एवढं काय!

घरी आणून उसवलं. पाठीचं कापड सोललं, दोरा कापला, फर्मे सुटे केले. ज्या पुस्तकाला लोक कायमचं शिवलेलं समजतात ते दहा मिनिटांत सुटं होतं. जुनी भोकं दिसतात, तेवढं राहतं. भोकं लपवता येत नाहीत. पण पान आपल्या जागी जातं.

दोरा ओवताना हात थांबला. मी बाइंडर आहे. सही केली म्हणजे संपलं, असं मी कोणत्या तोंडाने म्हणतो?

१२ फेब्रुवारी, गुरुवार

परत स्पेनची. शेवटचा भाग. चिठ्ठीवर ४१७चा शेवटचा शिक्का. त्यानंतर तो नंबर कोणत्याच पुस्तकात नाही. तारीख मला पाठ आहे — मी सही केली त्याच आठवड्यातली. सही मंगळवारची, शिक्का शुक्रवारचा.

लग्न मोडल्यावर हिला ओल आलेल्या घरांत ठेवलं. मुलीची भेट तोडली. चार वर्षांहून जास्त काळ, मरेपर्यंत, मायलेकींची नजरानजर नाही. राजाने माणसं पाठवली — यापुढे तू राणी नाहीस, तुझ्या पहिल्या नवऱ्याची, म्हणजे राजाच्या मेलेल्या भावाची विधवा, तीच पदवी लाव. ही आजारी, कोचावर पडलेली. म्हणाली, तुम्ही काय लिहून नेणार ते दाखवा. कागद घेतला, लेखणी मागवली, आणि ती पदवी जिथे जिथे होती तिथे तिथे खोडली. इतक्या जोराने की कागद फाटला. राजाची माणसं उभी, आणि ही खोडतेय!

या परिच्छेदाशेजारी पेन्सिलीची बारीक खूण आहे, तांदळाएवढी. अशा खुणा सगळ्याच पुस्तकांत आहेत, पण इथे दोन आहेत. एकावर एक.

त्या आठवड्यात माझ्या मुलीने हे वाचलं आणि खूण केली. माझ्यासाठीच केली. बापाला वाचायची अक्कल यायला सहा वर्षं लागली.

ठरलं. मी खोडणार.

१६ फेब्रुवारी, सोमवार

मुलाला सांगितलं. जेवणं झाल्यावर, हात धुऊन. आधी त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मग खुर्ची मागे सरकवली.

"माझी नोकरी जाईल, बाबा."

"माहीत आहे."

"पोरांच्या शाळा आहेत. त्या राण्यांच्या गोष्टी वाचून तुम्ही माझ्या घरावर नांगर फिरवणार?"

मी म्हणालो, तुझ्या बहिणीच्या घरावर आपण दोघांनी मिळून फिरवला तेव्हा मी काही वाचत नव्हतो. तो उठून बाहेर गेला. चपला न घालता गेला. मला त्याचंच जास्त लागलं. लहानपणीही रागावला की अनवाणी जायचा.

तो खोटं बोलत नाही. नोकरी जाईलच. भीती आहेच. पण भीती असली तरी पाय चालतात, हे मला या वयात कळलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

वकील घरी आला, जावयाचा. शिकवायला. "आजोबा, मी विचारणार सही तुमची का. तुम्ही म्हणायचं हो. आणि बसायचं." मी म्हटलं, हो. तो खूश झाला. हो म्हणणारच आहे मी. सही माझीच आहे. बसायचं की नाही ते माझे गुडघे ठरवतील.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सदरा इस्त्री केला. कडी फक्त एकदा पाहिली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आजचं सगळं नीट लिहितो.

कोर्टाची खोली म्हणजे शाळेच्या वर्गासारखी. पंखा, बाकं, भिंतीला ओलीचे डाग. मी आपला दरबार मनात धरून गेलो होतो! न्यायाधीश बाई होत्या, तरुण, सर्दी झालेली. मुलगी समोरच्या बाकावर. सहा वर्षांनी पाहिली. कानशिलावर केस पांढरे झालेत. माझ्याकडे बघितलं नाही. पोर बाहेर व्हरांड्यात शेजारणीजवळ बसली होती, पाय हलवत. मी जवळून गेलो, तिने ओळखलं नाही. तेव्हा तिच्या मुठीत माझं बटण होतं, ते तिला कुठून आठवणार?

नाव पुकारलं. माझं तीन वेळा पुकारावं लागलं, कारण पहिल्या दोन वेळा पाय उठेनात.

वकिलाने कागद पुढे केला. सही तुमची? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, बसा. मी बसलो नाही. कागद हातात घेतला, लांब धरून तिसरी ओळ शोधली. कानावरची पेन्सिल काढली — बाइंडरच्या कानाला पेन्सिल असतेच, ती राहिली होती — आणि खोडायला लागलो.

एकच गोंधळ! कारकून धावला, त्याने कागद ओढला, वकील ओरडला, मागे लोक हसले. अर्धी ओळसुद्धा खोडून झाली नव्हती. न्यायाधीश बाईंनी रुमालातून सांगितलं, "आजोबा, कोर्टाच्या कागदावर असं लिहायचं नसतं. जे सांगायचं ते तोंडाने सांगा."

मला वाटलं होतं बोबडी वळेल. वळली नाही. म्हणालो, "मग तोंडाने खोडतो. तिसरी ओळ खोटी आहे. मुलगी माझ्या दारात आली तेव्हा तिचं मनगट सुजलेलं होतं. मी विचारलं नाही. मीच तिला परत नेऊन सोडलं. तिने घर सोडलं नाही, आम्ही तिला सोडलं."

वकील म्हणाला, सहा वर्षं झोपला होतात का? मी म्हटलं, झोप लागली असती तर बरं होतं. त्याने विचारलं, मुलीने पढवलंय का. म्हटलं, ती माझ्याशी बोलत नाही. कशाला बोलेल? मग त्याने माझं वय विचारलं, विसरभोळेपणा विचारला. मी त्याला सही केली तो वार, ती वेळ, जावयाच्या पेनाचा रंग सांगितला. हिने काय म्हटलं तेही सांगितलं, आणि मी हिला काय म्हटलं तेही. बाईंनी सगळं लिहून घ्यायला लावलं.

मागच्या बाकावरून मुलगा उठून गेला. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर सोसलं असतं.

व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होतो. मुलगी पोरीचा हात धरून बाहेर आली. समोर थांबली. मला वाटलं आता काहीतरी बोलेल, शिव्यासुद्धा चालल्या असत्या. तिने माझ्या चष्म्याकडे पाहिलं.

"नंबर वाढलाय तुमचा. कागद केवढा लांब धरला होतात. दुकानात या एकदा."

आणि गेली. पोर मागे वळून बघत होती.

३ मार्च, मंगळवार

मुलाला कामावरून काढलं. घरी येऊन म्हणाला, "तुमच्या राण्यांनी माझी नोकरी खाल्ली." मी मान हलवली. खोटं नाही ते. ॲनचा बाप गप्प बसला, त्याची जहागीर राहिली. मी बोललो, माझ्या मुलाचं गोदाम गेलं. वाचनालयाच्या बाईंना विचारलंय, छापखान्यात कुठे त्याला जागा आहे का. विचारायला लाज वाटली नाही.

संध्याकाळी सूनबाईने ताट ठेवलं. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "बरं केलंत." आणि मोठ्याने म्हणाली, "मीठ कमी असेल तर घ्या."

मला पश्चात्ताप नाही. धडधड आहे, पश्चात्ताप नाही. पुन्हा बोलावलं तर पुन्हा पेन्सिल घेऊन जाईन.

१३ मार्च, शुक्रवार

निकाल लागला. पोर आईजवळच राहणार!

१७ मार्च, मंगळवार

आज दुकानात गेलो होतो. मुलीने भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, काचा बदलत राहिली. धीर करून सांगितलं — तुझ्या ४१७ नंबरच्या मागोमाग सगळ्या राण्या वाचल्या, तुझ्या खुणांवरूनच मला उमगलं. तिचा हात थांबला. म्हणाली, "माझा नंबर सहाशे साठ होता, बाबा. आणि बाइंडरची मुलगी मी, पुस्तकात पेन्सिल लावली असती तर तुम्ही हात मोडला असतात. चारशे सतरा आईचा. तुम्ही कामावर गेलात की मी तिला वाचायला शिकवायचे. मग तिला राण्यांचा नादच लागला. मी नुसती आणून द्यायचे, माझ्या लग्नानंतर तीच जायची." मला समोरचं एकही अक्षर दिसेना. ती म्हणाली, काच बदलते. काचेचा दोष नव्हता.

आजवर हे सगळं वहीला लिहिलं. आज तुला लिहितो. त्या शुक्रवारनंतर तू आणखी दोन वर्षं होतीस, आणि एकही शिक्का नाही. "तुला वाचता तरी येतं का" म्हणालो, म्हणून थांबलीस का? पुढचं कुठलं पुस्तक न्यायचं मनात होतं? कपाटात अजून नऊ आहेत. नीट शिवून ठेवतो. कोणतं ते कळव. लवकर कळव.